बाळाला पावडर लागत नाही

बारशाला येणाऱ्या बेबी सेटमध्ये साबण, तेल, लोशन असतं आणि पावडर तर असतेच. बाळाला पावडर लागते, हे आपण कधीचं धरून चाललो आहोत. लागत नाही!

आंघोळ झाली की डबा उपडा करून मानेखाली, काखेत, जांघेत पावडर थापतात. खिडकीतल्या उन्हात ती तरंगताना डोळ्यांना दिसते. तो धुरळा बाळाच्या श्वासातून आत जातो. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणूनच पावडर वापरू नका, असं सांगते. दीड-दोन वर्षांच्या मुलाने चुळबुळ करू नये म्हणून त्याच्या हातात तोच डबा खेळायला देतात, हे तर फारच वाईट. झाकण निघालं आणि पावडर तोंडा-नाकावर सांडली, तर मूल गुदमरतं. अशी मुलं दगावल्याच्याही नोंदी आहेत. घामोळ्यांचं म्हणाल तर मानेच्या वळीत पावडर घामाने भिजते, तिचे गोळे होतात आणि कातडी आणखी लाल होते.

टाल्क नको म्हणून मक्याच्या स्टार्चची पावडर आणली, तरी धुरळा तो धुरळाच. टाल्कवरचा आक्षेप वेगळा आहे. हे खनिज खाणीत अॅस्बेस्टॉसच्या शेजारी सापडू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. आपलं टाल्क सुरक्षितच आहे, असं जॉन्सन अँड जॉन्सन आजही म्हणते. पण टाल्कची बेबी पावडर 2023 मध्ये जगभर बंद करण्याचा निर्णय तिनेच घेतला.

सरकार तपासतं ना, असं कुणी म्हणेल. याच कंपनीच्या बेबी पावडरचे नमुने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुणे आणि नाशिकमधून 2018 च्या अखेरीस घेतले. पीएच मर्यादेबाहेर आढळला म्हणून मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द झाला तो सप्टेंबर 2022 मध्ये. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच दिरंगाईवर बोट ठेवून ती कारवाई रद्द केली. नव्याने तपासलेले नमुनेही योग्य ठरले होते. कंपनी दोषी नव्हती, तर तिला इतकी वर्षं टांगणीला का ठेवलं? आणि पावडर खरंच सदोष असती, तर? नमुना घेतला तेव्हा रांगणारी मुलं निकाल लागेपर्यंत शाळेत जायला लागली होती. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूचा अहवाल काही आठवड्यांत लोकांसमोर यायला हवा. प्रशासनाला हे जमत नसेल, तर त्याने प्रयोगशाळा आणि माणसं वाढवून मागावीत.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. अंग मऊ सुती कापडाने टिपून वळ्या कोरड्या ठेवा, तेवढं पुरतं. बाळंतिणीला घरी सोडताना नमुन्यांची पिशवी देणाऱ्या प्रसूतिगृहांनी तीतली पावडर काढून टाकावी. आणि पुढच्या बारशाला जाताना तुम्ही सुती दुपटी न्या.