काका, तुमचा कार्बन किती?

बोईसरच्या माणसाला प्रदूषण शिकवायला जाऊ नये. वारा फिरला की आज एमआयडीसीत काय शिजतंय, हे आमच्या सोसायटीतली पोरं शेंबडाने भरलेल्या नाकानेही ओळखतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडबद्दल माझं मत कधीच वाईट नव्हतं. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. इतका सभ्य वायू तारापूर पट्ट्यात दुसरा नाही.

हे मत बदलायचं काम न्यू जर्सीच्या पुतण्याने अंगावर घेतलं. तो आला तोच सर्टिफिकेट घेऊन. तिथून मुंबईला येऊन परत जायचं तर माणशी दीड-दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याची भरपाई म्हणून पठ्ठ्याने काही डॉलर भरले होते. त्यातून कुठेतरी कमी धुराच्या चुली वाटायच्या, तिथे एक टन वाचला की एक क्रेडिट, आणि ते याच्या विमानाच्या नावे वजा.

"काका, तुम्हीही भरा. आधी तुमचा कार्बन काढू."

मोबाइलवर प्रश्न सुरू झाले. लांब पल्ल्याची विमानं? शून्य. गाडी? एक स्कूटर, बहुतेक वेळ मेकॅनिककडे. पालघरला कसे जाता? लोकलने. २०१३ साली ती डहाणूपर्यंत आली तेव्हापासून लोकलनेच. आता सकाळच्या त्या डब्यात दरडोई कार्बन काढायचा तर आधी डोई मोजता आल्या पाहिजेत.

विजेपाशी मात्र मी छाती पुढे काढली. "देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आमच्या उशाशी आहे, १९६९ पासून. तिथे कोळसा जळत नाही. माझी वीज निर्दोष!"

"तसं नसतं काका. सगळी वीज ग्रिडमध्ये एकत्र होते. तुमच्या पंख्यात चंद्रपूरचा कोळसाही आहे. युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास धरायचे."

तेवढ्यात लाइट गेली.

"आता धर," मी म्हटलं.

अखेर हिशेब लागला. भारतीय माणसाची सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेतल्याची चौदाच्या आसपास. मी आपल्या सरासरीच्याही खाली. थोडक्यात, पुतण्याची एक फेरी म्हणजे माझं अख्खं वर्ष. त्यात सणवार, पाहुणे, गिझर सगळं आलं. ऐकून जरा अपमानच वाटला.

बायको आतून आली. "म्हणजे विमानात याने बसायचं आणि चूल मोखाड्याच्या बाईने बदलायची?"

"काकू, धूर कमी झाला की तिचा खोकलाही कमी होतो."

"मग खोकल्यासाठी दे ना पैसे. मध्ये विमान कशाला आणतोस?"

यावर पुतण्याकडे उत्तर नव्हतं, आणि क्रेडिटच्या बाजारातल्या भल्याभल्यांकडेही ते असेल असं मला वाटत नाही. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये चुलींच्या क्रेडिटचे हिशेब तपासले, तेव्हा प्रत्यक्षात वाचलेल्या कार्बनच्या सुमारे नऊपट क्रेडिट वाटलेली निघाली. क्रेडिट विकणाऱ्या आपल्याकडच्या मोठ्या पवनचक्क्यांची तऱ्हा आणखी वेगळी. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिट नोंदवणाऱ्या संस्थांनीच अशा नव्या प्रकल्पांना दार बंद केलं, कारण ते तुमच्या डॉलरवाचूनही उभे राहतात. हे म्हणजे मंडप उभा, आरती चालू, आणि पावतीपुस्तकवाली पोरं सांगतायत, "काका, तुमच्या पाचशेमुळेच यंदा गणपती बसला!"

म्हणून देऊच नये असं नाही. वर्गणी आपण तरीही देतोच. फक्त ती दिली म्हणून वर्षभर सिग्नल तोडायची परवानगी मिळाली, असं कोणी समजत नाही.

तेव्हा द्यायचे तर जरूर द्या. पावतीवर क्रेडिटचा अनुक्रमांक मागा आणि ते तुमच्या नावे रिटायर झालंय का, हे रजिस्ट्रीत बघा. रिटायर झालेलं क्रेडिट पुन्हा कोणाला विकता येत नाही. (माणसांना हा नियम नाही. मी रिटायर झालो त्याच महिन्यात सोसायटीने मला सेक्रेटरी केलं.) आणि त्या पावतीच्या जोरावर पुढचं तिकीट तेवढं काढू नका.