दाजींचा सात

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याचे फासे कोणीतरी आधीच टाकून ठेवलेले असतात. आपण तिथं हजर नसतो, त्यामुळे हरकत घेता येत नाही. ती सोय एका खेळाने करून दिली आहे. त्यात फासे आपल्या देखत पडतात आणि हरकत जागच्या जागी नोंदवता येते. धुऱ्याच्या वीतभर जागेसाठी तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या तारखा करणाऱ्या आमच्या वसमत तालुक्यात हा खेळ इतक्या उशिरा पोचला, याचंच नवल.

आणला पुतण्याने. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला धुवायच्या कपड्यांच्या बॅगेतून फाशांची पुरचुंडी निघाली. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो काढला. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. प्रत्येक पात्राला सहा गुण: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. खेळ पुढं चालायचा तो या गुणांच्या आकड्यांवर.

"बुद्धी आणि शहाणपण वेगळं कसं?" वहिनींनी विचारलं.

दादा म्हणाला, "हळदीत कुरकुमीन किती, हे सांगता येणं म्हणजे बुद्धी. ती हळद मोंढ्यावर कधी न्यायची, हे कळणं म्हणजे शहाणपण."

"मग आपल्या घरात पहिलंच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि विषय मिटला.

भाऊबीजेला ताई आणि दाजी आले होते. आई, दादा, वहिनी, ताई, दाजी आणि मी असे सहा गडी झाले. माझी बायको तिच्या भावांना ओवाळायला माहेरी गेली होती. सूत्रधार पुतण्या.

हे आकडे ठरवायची पहिली पद्धत सगळ्यांत जुनी. तीन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि आकडे ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने गुणांपुढं मांडायचे. तीन फासे 216 तऱ्हांनी पडू शकतात. त्यात 18 एकदाच, 3 सुद्धा एकदाच. सरासरी साडेदहा. आईने फासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "याला सहा बाजू कामून? आमच्या चिंचोक्याला दोनच होत्या."

चल्लस-आठ खेळताना चिंचोके फोडून चार फाका घेत. सगळ्या पांढऱ्या पडल्या की चार, सगळ्या तपकिरी पडल्या की आठ. फाक नाण्यासारखी निःपक्ष असती, तर दोन्ही दानं सोळात एकदा पडली असती. पण फाकेची एक बाजू सपाट आणि एक फुगीर, त्यामुळे प्रत्येक फाकेचा स्वभाव वेगळा. म्हणून आई स्वतःचे चिंचोके डबीत जपून ठेवायची आणि शेजारणीच्या डबीला हात लावायची नाही. निःपक्षपणाचं शास्त्र तिला पुतण्याच्या आधीपासून पाठ आहे.

तिने मूठ वळून कानाशी खुळखुळवली आणि फासे सोडले. ताकद 17. मग दादाने टाकले. हळदीचं पोतं एकट्याने पाठीवर घेणारा माणूस, त्याची ताकद 6. दाजींची छाप 5 निघाली. जावयाची छाप 5 हे सासरवाडीत कोणी मोठ्याने वाचत नाही. पुतण्याने वाचलं.

दादाने फेरनिवडणूक मागितली. पुतण्या म्हणाला, "बाबा, 1979 च्या मार्गदर्शक पुस्तकात गायगॅक्सनेच चार पद्धती दिल्यात. त्यातली पहिली: चार फासे टाका आणि सगळ्यांत लहान आकडा सोडून द्या." यात सरासरी सव्वाबाराच्या आसपास जाते आणि 18 पडायची शक्यता 216 मध्ये एकावरून साधारण 62 मध्ये एकावर येते. सगळ्यांचे आकडे वाढले, पण ताईचे जरा जास्तच वाढले. आपले वाढले याचा आनंद ताईचा कागद दिसेपर्यंत टिकला.

मग खरेदीची पद्धत. प्रत्येकाला खर्चायला 27 पॉइंट. सहाही गुण 8 पासून सुरू, कमाल 15. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, पुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. वीजबिलासारखं, वर जाल तसा दर चढा. दादाने वही-पेन्सिल घेतली. तीन पंधरा आणि तीन आठ केले की हिशेब बरोबर बसतो, हे त्याला लगेच सापडलं आणि बाकीच्यांनी त्याच्या वहीत डोकावून तेच उतरवलं. एकाच साच्यातली सहा पात्रं तयार झाली. तक्रार कोणाचीच नव्हती आणि मजाही कोणाला येत नव्हती.

खरं म्हणजे आपल्या लोकांचं नशिबाशी भांडण नाही. ग्रामपंचायतीला सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत काढायची तर एखादं लहान लेकरू पुढं करतात, ते चिठ्ठी काढतं आणि पाच वर्षांचा निकाल लागतो. 2017 साली तर मुंबई महापालिकेत 220 नंबरच्या प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली आणि चिठ्ठीने शहा निवडून आले. हरलेला माणूस देवाला बोल लावत नाही. तो एवढंच विचारतो, की चिठ्ठीची घडी कोणी घातली होती?

आपलं दान वाईट पडलेलं माणूस सोसतो. शेजारच्याचं चांगलं पडलेलं सोसत नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची लायगो वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक फरक ती टिपणार. सख्ख्या भावाच्या वाट्यात आपल्यापेक्षा किती जास्त गेलं हे टिपायला मात्र अजून आपला डोळाच भरवशाचा.

शेवटी आई म्हणाली, "सगळ्यांनी मिळून एकच दान टाका. आलं ते सगळ्यांचं."

पुतण्या चपापला, कारण ही पद्धतही खेळणाऱ्यांत चालते. सहा जणांनी चार-चार फासे एकेकदा टाकायचे, लहान आकडा सोडायचा. सहा आकडे येतील ते सगळ्यांना सारखे. कोणता कुठं ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. आईचे 16 पडले, ताईचे 14, वहिनींचे 13, दादाचे 12, माझे 11. दाजींचे 7.

आता नशीब सामाईक झालं, हेवा करायला जागा उरली नाही. सोळा कोणी ताकदीला लावला, कोणी छापेला (दाजींनी). सात मात्र सहाही जणांनी, एकमेकांच्या कागदात न डोकावता, शहाणपणाला लावला. खेळात शहाणपण कशाला लागतंय!

पुतण्याने आम्हाला एका गुहेच्या तोंडाशी नेलं. आत दबा धरून बसलेलं जनावर दिसतं की नाही, हे या खेळात शहाणपणावर ठरतं. कोणालाच दिसलं नाही. आम्ही बोलत बोलत आत गेलो आणि पहिल्याच झडपेत सहाही जण आडवे झालो.

सामाईक नशिबाची अडचण तेव्हा कळली. आपला सात हा आपला नसून दाजींचा आहे, हे पडल्या जागेवरून प्रत्येकाला आठवलं. शहाणपणाला तो लावला कोणी, हे कोणी काढलं नाही. पुढच्या वेळी दाजींनी फासे टाकू नयेत, असा ठराव दादाने मांडला. वहिनी आणि मी बाजूने; ताई, दाजी आणि "जावई हायेत ते" म्हणून आई विरोधात. मतं तीन-तीन पडली.

मग रीतसर ईश्वरचिठ्ठी. घरात लहान लेकरू एकच, ताईची धाकटी. तिने डोळे मिटून चिठ्ठी काढली आणि दाजी सुटले. घड्या कोणी घातल्या होत्या, याची चौकशी दादाने अजून बंद केलेली नाही.