लोधिवलीकरांची मोडकी हाडं

समजा, बंगळुरूच्या एखाद्या गारेगार ऑफिसात कुणी हुशार पोरगा रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्याच्या दवाखान्यांच्या नोंदी संगणकात ओततो. बटण दाबताच नकाशावर लोधिवली लालभडक. या गावात हाडं मोडण्याचं प्रमाण भयानक! मग कारणांचा शोध सुरू. कॅल्शियम कमी? पाताळगंगेचं पाणी? खानदानी दोष? वर्षभरात पोराला पीएचडी आणि गावाला गोळ्या.

लोधिवलीच्या कुठल्याही टपरीवर विचारलं असतं तर एका कटिंगमध्ये उत्तर मिळालं असतं. गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, एक्स्प्रेसवे हाकेच्या अंतरावर. ट्रकखाली आलेला माणूस साताऱ्याचा असो की सुरतेचा, त्याला आणणार जवळच्या दवाखान्यात. बेशुद्ध माणूस पत्ता सांगत नाही, आणि रात्री दोनला केसपेपर लिहिणारा जे गाव तोंडात येईल ते लिहितो. अशी हाडं लोधिवलीच्या नावावर चढत जातात. २०२० च्या मार्चमध्ये रिलायन्सनं इथे विलगीकरण केंद्र उभारून जिल्हा प्रशासनाच्या हवाली केलं, तेव्हा गावाचं नाव देशभर गाजलं. उद्या कुणी नुसत्या गावाच्या नावावरून कोविडचा अभ्यास करायला बसला, तर इथला ताप कुठून कुठून आला होता हे त्याला कसं कळणार?

हा झाला जास्तीचा घोटाळा. कमतरतेचा याहून वाईट. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत, गवताच्या भाऱ्यांत फुरसं, घोणस, मण्यार भेटणं नवलाचं नाही. पण चावल्यावर माणूस आधी भगताकडे, मग रिक्षात, आणि कधी कधी दोन्हींच्या मधेच संपतो. केसपेपर निघतच नाही. देशभरातल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’चे सर्पदंशाचे आकडे २०११ साली प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये देशात साप चावून मेलेले सुमारे ४६ हजार. इस्पितळांनी सरकारला कळवलेल्या आकड्याच्या तीसपटीहून जास्त! दवाखान्यात पोचून मेलेले त्यातले जेमतेम चौथाई. म्हणजे नुसते दवाखान्याचे कागद घेऊन कुणी संशोधन केलं असतं, तर भारतातले साप शाकाहारी आहेत असाच निष्कर्ष निघाला असता. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. सापांना कळवलंय का, ते समजलेलं नाही.

आणि वाडीवस्तीवरच्या नोंदी करतं कोण? आशाताई. एक रजिस्टर, दुसरं रजिस्टर, वर मोबाइलमधलं अॅप. वाडीत रेंज नसते, म्हणून ताई टेकाडावर चढून गरोदर बायांचं हिमोग्लोबिन ‘अपलोड’ करतात. कातकऱ्यांची अर्धी वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली असते. कुणाच्या पोराचं वजन? गेल्या महिन्याचंच टाकून देतात. मी ताईंना दोष देत नाही. ज्या माणसानं आरोग्य-ओळखीचा चौदा आकडी आभा क्रमांक काढला, त्यानं पावसाळ्यात एकदा कातकरवाडीची चढण चढून दाखवावी.

‘काळजी नको, नावं काढून टाकली आहेत,’ हे संशोधकांचं आवडतं पालुपद. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत नाव काढून काय झाकणार? ‘स्त्री, ३४, कातकरी, क्षयरोग, दुसऱ्यांदा औषध सुरू, नवरा वारलेला.’ एवढं वाचल्यावर शेजारच्या चौक गावच्या बाजारातला भाजीवालासुद्धा तिच्या दाराची दिशा दाखवील. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं नव्वदच्या दशकात सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी अशाच नावं काढून संशोधनाला दिल्या होत्या. गव्हर्नर विल्यम वेल्डनी छातीठोक हमी दिली होती. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि खुद्द गव्हर्नरसाहेबांची दुखणी त्यांच्याच कचेरीत पाठवून दिली. आपल्याकडे वीस डॉलरचाही खर्च नाही. मतदारयादी निवडणूक आयोग फुकट देतो.

आता कायदा आहे म्हणा. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा. त्यात संशोधनाला सूट आहे, अट अशी की त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवलेले नियम पाळायचे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला. विम्याच्या कंपनीनं किंवा नोकरी देणाऱ्यानं तुमच्या दुखण्यावरून तुम्हाला दारातून परत पाठवू नये, हे बरोबरच. पण वाडीतून पाहिलं तर अट वाचून हसू येतं. आमच्याबद्दल निर्णय घेऊ नका? अहो, घेतं कोण! रक्त नेलं, उंची मोजली, थुंकी नेली, चार वर्षांनी कुठल्याशा परिषदेत आलेख झळकला. आलेखातला ठिपका अजून खोकतोय.

याच रायगडात उलटा प्रकारही घडलाय. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं धडाधड मरत होती, शंभरात चाळीसच्या आसपास. पुस्तकात त्यावर धड काही नव्हतं. डॉक्टर खाटेशेजारी बसले. घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, हातपाय गार कधी पडले, नाडी किती, छातीत पाणी कधी भरलं, सगळं टिपत गेले. ती निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, लेखक एकटा. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर लागू पडते हे त्यांनी दाखवलं आणि मृत्यू शेकड्याला एकावर आले. रुग्ण इथला, नोंद इथली, गोळीही इथल्याच माणसाच्या पोटात. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. बावस्करांनी त्या माहितीवरून रुग्णाबद्दल निर्णय घेतला, म्हणूनच माणसं वाचली.

बार्शीचंही असंच. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. रुग्ण आपणहून येईल या आशेवर न बसता कार्यकर्ते गावोगाव फिरले, बायकांशी बोलले, अंगावरून जाणं लपवू नका म्हणाले. नोंद घेता घेता जागृती झाली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. पण बार्शीची मंडळी ज्या उस्मानाबादच्या मोठ्या अभ्यासात होती, तो मात्र घशात अडकतो. १,३१,७४६ बायका, चार गट. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे छापून आलं तेव्हा जगानं वाहवा केली, मग काहींनी विचारलं की त्या चौसष्टजणींना नुसतं मोजत का ठेवलं? तुलनेला गट लागतो हे शास्त्राचं उत्तर, आणि ते चूक नाही. पण गट मोजायला निघालेल्यांनी एकदा त्या गटात आपली बहीण बसवून पाहावी.

तेव्हा लोधिवलीच्या नोंदी न्यायच्या तर न्या, बापडे. आमचं मागणं फार नाही. जे सापडेल ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचं, कातकरवाडीतली माणसं भट्टीवरून परत आल्यावर. संशोधक म्हणतील, तुमच्या ग्रामसभेला कोरम कधी होतो? होत नाही, खरंय. पण तहकूब केलेल्या सभेला कोरम लागत नाही, हे आमच्या सरपंचांना तोंडपाठ आहे.