कडक, पण मऊ

बेळगावच्या खडेबाजारात हे गृहस्थ ओळखायला चेहरा बघायची गरज नाही, कंबर बघितली की पुरे. शर्ट खोचलेला, पट्ट्याला मोबाईलचा चामडी पाऊच आणि चालताना मधूनमधून त्यावर हात. बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त. सगळे त्यांना काका म्हणतात.

तयार पाऊच काका घेत नाहीत. ते थेट कारागिराच्या बैठकीपाशी उभे राहतात, चामड्याचा तुकडा उचलून वाकवतात, टिचकी मारून कानाशी धरतात आणि शेवटी हुंगतात. "क्रोमचं की हो मामा हे!" कापलेल्या कडेची निळसर-करडी छटा मामांना आधीच दिसलेली असते. "बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं काढा." इथवर काकांचं बरोबर आहे. क्रोमचं चामडं फर्म्यावर कितीही दाबा, सुकलं की पुन्हा लोळतं. बाभूळ-हिरड्याचं दिलेला आकार धरून बसतं. पंचाईत पुढेच आहे. काकांना पाऊच कडक हवा असतो आणि त्याच दमात "पण मऊ" हवा असतो.

मामा वाद घालत नाहीत. चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवतात, फोनच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर ताणतात, कडा दाबून घेतात आणि सावलीत ठेवतात. पाणी फार गरम झालं तर चामडं आक्रसतं आणि वाळल्यावर घडीवर तडकतं. तेल जास्त झालं की सगळा ताठा उतरतो. अख्खं आयुष्य यात गेलेल्या माणसाला काका हे सगळं नव्यानं शिकवतात.

"उन्हात नको हं मामा."

"नाही हो काका."

"तेल बेतानं."

"होय की."

कडा घासायची वेळ आली की काका चष्मा पुसून पुढे सरकतात. कडेला ओलं बोट फिरवायचं, जाड कापडानं चकाकी येईतो घासायचं, वर मेण चोळायचं. काका अंगठा फिरवून म्हणतात, "अजून थोडं." या 'थोड्या'ला माप नाही. मजुरी मात्र ठरलेली आहे आणि ती वाढत नाही.

घासणं चालू असताना भाषणही चालू असतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकचे, आणि त्यात आपलं बेळगाव. "सीमाप्रश्नात कुणाला जमलं नाही ते चपलेनं केलं," असं म्हणून काका आजूबाजूला बघतात. मामा मान न उचलता टाका ओढतात. निपाणी-अथणीकडच्या कारागिरांची नावं काका घरच्यासारखी घेतात; चपला मात्र स्वतः रबरी घालतात. पावसाळ्यात बऱ्या पडतात म्हणे. पावसाळा संपला तरी त्या पायात असतातच.

पाऊच मिळतो तेव्हा तो खरोखर नामी असतो: ताठ, तुकतुकीत, फोनला घट्ट बसलेला. इतका घट्ट, की फोन वाजला की काका तो ओढत राहतात आणि बाहेर येईपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवतो. मुलानं नवा, मोठा फोन आणून दिला तर तो कपाटात जातो, कारण पाऊचमध्ये मावत नाही. जुन्याची बॅटरी दुपारीच बसते.

तेव्हा काकांशी काम असेल तर सकाळी फोन करा, आणि निदान तीनदा करा.