चोक काढला की बंद

"नाना, बास करा आता. सकाळपासून त्या ग्रासकटरची दोरी ओढताय, खांदा उतरेल."

"अहो वहिनी, सुरू होते की! चोक दिला की दुसऱ्या झटक्याला फटफट करते. चोक काढला की गप्प. म्हटलं, चोकवरच मारून टाकू गवत. गणपती तोंडावर आले, माणसं येणार घरात. त्यांनी काय कमरेएवढ्या रानातून यायचं?"

"चोकवर अजिबात मारू नका. हौसेने घेतलेली मशीन आहे, हकनाक जायची."

"तुम्हाला हो काय माहीत मशीनमधलं?"

"करंज्याचं माहेर आहे माझं! 1 जूनला मासेमारी बंद झाली की 31 जुलैपर्यंत बंदरावर हेच. जाळी विणा नाहीतर इंजिन उघडा. आमचा भाऊ लांबून आवाज ऐकून सांगतो, बोटीला काय झालंय ते. ती डिझेलची, ही तुमची टू-स्ट्रोक, पण कुरकुरायची रीत सगळ्यांची सारखीच. चोक म्हणजे काय, हवा कमी आणि पेट्रोल जास्त. हवा दाबल्यावरच चालते, म्हणजे एरवी पेट्रोल पुरत नाही. टाकीतला फिल्टर तुंबला असेल, नळी चिरली असेल, नाहीतर कार्बोरेटरच्या बारीक भोकात राळ बसली असेल. आणि हिला ऑइल कुठून मिळतं? पेट्रोलमधूनच ना? पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तशीच रेटली की पिस्टन तापतो, चरे पडतात आणि एक दिवस धरतो. मग हजारोंचं काम."

"पण वैशाखात तर झकास चालत होती."

"आणि त्यानंतर ठेवलीत कशी? टाकी भरून, पडवीत. खरं ना? मला दिसत होती की इथून."

"पेट्रोल काय ओतून द्यायचं? शंभराच्या वर भाव आहे."

"स्कूटरमध्ये ओतायचं, तिला थोडं ऑइल बाधत नाही. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे तर खाडीची हवा, मिठाचा डबासुद्धा पाझरतो. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी एकत्र तळाला बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. नळीचं तोंड कुठे? तळाला. म्हणजे इंजिनात पहिलं जातं ते बिनऑइलचं. बरं, मध्ये कोणाला दिली होतीत का?"

नानांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या जावयाला. द्रोणागिरीत त्यांचा जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट नाही का, तिथे नुसतं रान. जावयाला नाही कसं म्हणायचं?"

"मास्तर म्हणाले असते की नाही! परवाच मास्तरीणबाई सांगत होत्या, जावई येतो तेव्हा मुलीची चौकशी कमी आणि प्लॉटच्या भावाची जास्त. ते जाऊ दे. पेट्रोल कोणी भरलं?"

"त्यानेच. टाकी फुल करून दिली, मी म्हटलं माणूस चांगला."

"ऑइल घातलं होतं?"

नाना गप्प.

"बाटलीवर बघून घालायचं असतं नाना. मशीनच्या पुस्तकात पन्नासाला एक लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, पंचविसाला एक असेल तर 40. मोटरसायकलवाल्यांना वाटतं सगळं साध्या पेट्रोलवर चालतं. प्लग काढा बघू."

पाना आला, प्लग निघाला, कुंपणावरून वहिनींच्या हातात गेला. त्यांनी तो उजेडात धरून नखाने टोक खरवडलं.

"चांगल्या प्लगचं टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असतं. काळं, ओलं असेल तर ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर भरलाय. हे बघा, पांढरं फटक. उपाशी चाललीय आणि तापलीय. आता दोरी हळू ओढून बघा, अंगठ्याने प्लगचं भोक दाबून. अंगठा ढकलला जातोय?"

"जातोय. जोरात."

"मग नशीब! दाब आहे, रिंगा शाबूत आहेत. दोरी अशी अल्लद आली असती तर रडायचीच वेळ. रेस सोडल्यावर पातं थांबतं ना?"

"नाही हो, हल्ली फिरतच राहतं."

"आणि हे आत्ता सांगताय! दोरीपेक्षा आधी ते सांगायचं. क्लचची स्प्रिंग गेली असेल नाहीतर आयडलिंग चढवून ठेवलंय कोणीतरी. पायात चप्पल, बाजूला नातवंडं आणि पातं फिरतंय! एअर फिल्टर धुणं, प्लग घासणं, टाकी रिकामी करणं हे आपण ओट्यावर बसून करावं. कार्बोरेटर आणि क्लच मेकॅनिकच्या हाती द्यावा."

"गणपती झाले की नेतो."

"आज नेलीत तर कार्बोरेटर साफ करून परत येईल. तोवर चोकवर मारत राहिलात तर पिस्टनचं बिल घेऊन याल."

"आणि गवत?"

"विळा आहे ना घरात? एक माझाही देते. मास्तरांच्या जावयाला बोलवा, हात मोकळे आहेत त्याचे."