दुहेरी की एकेरी?

आमच्या ऑफिसात नव्या माणसाला गाव विचारायच्या आधी विचारतात, ‘दुहेरीवाला की एकेरीवाला?’

वेबपेजवर एक चौकट असते, तिच्यात ग्राहकाने नाव लिहायचं असतं. ते नाव प्रोग्रॅमच्या पोटातल्या डेटापर्यंत कसं पोचवायचं आणि डेटा बदलला की चौकटीत कसं आणायचं, एवढाच मामला. त्याचं नाव डेटा बाइंडिंग. दोन्ही दिशांची ने-आण आपोआप झाली की दुहेरी, डेटा फक्त वरून खाली वाहिला की एकेरी. यावर माणसं डबा गार होईपर्यंत भांडतात.

दुहेरीवाल्यांचे सुगीचे दिवस आणले २०१० सालच्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कने. टेम्प्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसांत नाव लिहा, इनपुटला एनजी-मॉडेल लावा, की टाइप केलेलं अक्षर खाली लगेच उमटतं. हा डेमो बघून भलेभले मॅनेजर विरघळले. आतली गंमत पुढे कळायची. नेमकं काय बदललं हे बिचाऱ्या अँग्युलरजेएसला ठाऊकच नसे, म्हणून तो दर खेपेला सगळ्या नोंदी तपासायचा. एखादी बदललेली सापडली, की पुन्हा पहिल्यापासून. दोन नोंदी एकमेकींना बदलत बसल्या, तर दहा फेऱ्यांनंतर हात टेकायचा आणि कन्सोलवर लाल अक्षरांत तसं जाहीरही करायचा. दहा फेऱ्या! आमच्या मीटिंगांना अशी मर्यादा कुणी घातली नाही.

२०१३मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि एकेरीवाल्यांना देव सापडला. इथला कारभार थेट तहसील कचेरीचा. तुम्ही ‘स’ दाबलात म्हणून तो दिसेलच असं नाही. आधी ऑनचेंजकडे अर्ज, तिथून सेटस्टेटच्या टेबलावर, मंजुरी मिळाली की नवी किंमत वरून खाली, मग ‘स’चं दर्शन. चौकटीला किंमत दिलीत आणि ऑनचेंज द्यायचं राहिलं, तर बोटं दुखेपर्यंत बडवा, एक अक्षर उमटणार नाही. आमच्याकडच्या एका नवख्या मुलीने तेवढ्यावरून कीबोर्ड बदलून मागितला. आयटी विभागाने दिलाही. पण कुठलं अक्षर कुणी बदललं याचा माग इथे लागतो. रात्री बारा वाजता बग शोधताना या कचेरीबद्दल आदर वाटू लागतो.

व्ह्यू नावाच्या आणखी एका फ्रेमवर्कवाल्यांचे दोन्ही डगरींवर हात. त्यांचं व्ही-मॉडेल दिसायला दुहेरी, पण उकललं तर आत किंमत खाली धाडणं आणि बदल वर कळवणं, बस्स. म्हणजे दोन एकेरी रस्तेच. अँग्युलरने २०१६च्या नव्या अवतारात तेच केलं : चौकोनी कंसात गोल कंस. कुठला आत, कुठला बाहेर हे ध्यानात राहावं म्हणून त्यांच्या अधिकृत माहितीत ‘खोक्यातलं केळं’ अशी खूण दिली आहे. चांगला गलेलठ्ठ पगार घेणारी माणसं स्क्रीनकडे बघून ‘केळं आत, खोकं बाहेर’ असं पुटपुटतात, हे घरी सांगण्यासारखं नाही.

माझं मत कुणी विचारत नाही, तरी सांगतो. चाळीस रकान्यांचा फॉर्म असेल तर दुहेरीची सोय खुशाल घ्यावी. एकच आकडा पाच ठिकाणी दिसत असेल तर एकेरीला पर्याय नाही.

परवा यावरच मीटिंग झाली. एकेरीवाल्यांनी फळ्यावर बाण काढले, दुहेरीवाल्यांनी त्याच बाणांना मागूनही टोकं जोडली. तिसऱ्या गटाने सिग्नल्सचा, म्हणजे बदललं की वापरणाऱ्यांना स्वतःच कळवणाऱ्या किमतींचा, झेंडा काढला. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, ‘अरे, हे तर नॉकआउट लायब्ररीत २०१० सालीच होतं, ऑब्झर्व्हेबल नावाने.’ त्यांना चहा सांगायला पाठवण्यात आलं. इतक्यात क्लायंटचा मेल आला : आमचं जुनं सगळं अँग्युलरमध्ये आहे, तेच पुढे चालू ठेवा. फळा मात्र अजून तसाच आहे. बाण कुणाचे आणि पुसायचे कुणी, यावर एकमत होत नाही.