फुकट शिक्षणाचा खर्च

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, ही बातमी आपल्याला सोसायटीच्या जिन्यात कळते. सांगणाऱ्या काकूंचा भाचा आखेनला असतो. मग सुरू होतो फुकटाचा खर्च. कागदपत्रं खरी आहेत हे एपीएस या जर्मन कार्यालयाकडून तपासून घ्यायचे 18 हजार रुपये. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो. पैसे आपलेच, पण खर्चाची मुभा महिन्याला 992 युरोंची. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं 2017 पासून आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो फी लावली आहे, हे काकू सांगत नाहीत. (भाचा दुसऱ्या राज्यात ना!)

जायच्या आदल्या रात्री बॅग 26 किलो भरते. चालतात 23. मग जाड कोट बाहेर येतो, कुकर आत राहतो.

तिथं पोचून खोली शोधायची. शेअरिंगच्या घरात आधीचे भाडेकरूच मुलाखत घेतात. स्थळ बघायला आल्यासारखे चौघं स्वयंपाकघरात बसतात आणि विचारतात, "फावल्या वेळात काय करतोस?" आपला मुलगा बारावीपासून फावल्या वेळात क्लासलाच गेलेला. तो म्हणतो, "हायकिंग." (एकदा सिंहगड. तोही गाडीनं.) तरी नकार येतोच.

"भाषेचं काय पण?" आजी विचारते. "कोर्स इंग्लिशमध्ये आहे गं," तो ऐटीत सांगतो. कोर्स असतोच इंग्लिशमध्ये. सरकारी पत्रं मात्र जर्मनमध्ये येतात, आणि तीही पोस्टानं.